लॅपटॉपच्या आतला थर आणि गंज: आधी ओळख, मग सफाई

लॅपटॉपचं खालचं झाकण उघडल्यावर मदरबोर्डावर कुठे पांढरट पूड दिसते, कुठे हिरवा ठिपका, कुठे पिवळसर चकाकणारा थर. दुरुस्तीच्या दुकानांत या सगळ्याला एकच नाव असतं: 'कार्बन आलाय'. घोळ तिथूनच सुरू होतो. यातल्या बहुतेक गोष्टींचा कार्बनशी संबंध नसतो, आणि काही तर दोषच नसतात. कारखान्यातून बोर्ड तसाच आलेला असतो. साखरेचा थर अल्कोहोलनं निघत नाही, फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरिंगच्या वेळी लावतात त्या रसायनाचा, थर पाण्यानं निघत नाही, आणि चिपच्या कोपऱ्यांवरचा गोंद काढायचाच नसतो. म्हणून समोर काय आहे ते ठरवल्याशिवाय ब्रश हातात घेऊ नका.

बोर्डावर नेमकं काय घडतं ते कल्हई केलेल्या भांड्यावरून चटकन कळतं. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, कारण आंबटपणा उघड्या पडलेल्या पितळेतल्या तांब्याला खातो. बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांवर सोल्डर मास्कचा हिरवा, काळा किंवा निळा लेप असतो आणि उघड्या टोकांवर कथलाचा किंवा सोन्याचा अगदी पातळ मुलामा. ही बोर्डाची कल्हई. तिला बारीक भोक पडलं, तिथे ओल आणि थोडं मीठ किंवा आंबट काही पोचलं, की तांबं हिरवं पडू लागतं.

पातेल्यात वीज नसते, बोर्डात असते, आणि सगळा फरक तिथे पडतो. शेजारशेजारच्या दोन टोकांवर वेगवेगळा व्होल्टेज असेल आणि मध्ये ओलाव्याची पातळ फिल्म असेल, तर धन बाजूचा धातू विरघळून ऋण बाजूकडे सरकतो आणि तिथे नेच्याच्या पानासारखे बारीक तंतू वाढवत साचतो. तंतू पलीकडे टेकले की शॉर्ट. नुसत्या दमट हवेत महिनोन्‌महिने चालणारी झीज विजेमुळे काही तासांत होते. शिवाय लॅपटॉप 'शट डाउन' केला म्हणजे वीज गेली असं नाही. चार्जिंगच्या भागात बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज असतो, आणि पॉवर बटणाची वाट बघणारा भाग ३.३ किंवा ५ व्होल्टवर जागाच असतो. म्हणून सफाईची खरी पहिली पायरी म्हणजे बॅटरीचा कनेक्टर सुटणं.

## नुकतंच काही सांडलं असेल तर

चार्जरचं भिंतीवरचं बटण बंद करा, मग पिन काढा. पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि लॅपटॉप सक्तीनं बंद करा. फाइल सेव्ह करत बसू नका. मग तो उघडाच ठेवून टेबलाच्या कडेवर तंबूसारखा उलटा ठेवा, म्हणजे कीबोर्ड खाली येईल आणि स्क्रीन कडेवरून लोंबेल. खाली टॉवेल. हलवू-झटकू नका, द्रव कोरड्या भागात जातो. शक्य तितक्या लवकर मागचं झाकण उघडून बॅटरी सोडवा. स्वतः उघडता येत नसेल तर त्याच दिवशी दुकानात न्या.

तांदळाच्या डब्यात ठेवणं सोडून द्या. तांदूळ बंद यंत्राच्या आतली ओल ओढून घेत नाही, उलट त्याची पूड पोर्टमध्ये जाते. वाया जाणारे दोन दिवस बोर्डाला सगळ्यात महाग पडतात, कारण बॅटरी तेवढा वेळ जोडलेलीच राहते. हेअर ड्रायरही नको; गरम झोतानं द्रव चिपांच्या खाली ढकलला जातो. आणि 'चालतोय का बघू' म्हणून चालू करून पाहणं हे तर सगळ्यात वाईट. सांडण्यानं वाचलेले पुष्कळ बोर्ड या एका उत्सुकतेपायी जातात.

## सामान

आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे आयपीए, ९९ टक्क्यांचं. एका लॅपटॉपला १०० ते २०० मिलिलिटर पुरतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतं: मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास. औषधांच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं हँड रब नको. त्यात पाणी असतं आणि हात मऊ राहावेत म्हणून घातलेलं ग्लिसरीन बोर्डावर चिकट थर धरतं. सर्जिकल स्पिरिटमध्येही पाणी आणि इतर भेसळ असते. काही कारागीर थिनर किंवा पेट्रोलनं बोर्ड धुतात. बोर्ड चकचकीत निघतो, पण थिनर प्लास्टिकचे कनेक्टर ठिसूळ करतो, चिपांवरचे आकडे पुसतो आणि लेबलं सोडवतो.

डिस्टिल्ड पाणी अर्धा लिटर. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं मिळतं ते चालेल, पण डब्यावर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड लिहिलेलं हवं. नळाचं, आरओचं किंवा पिण्याचं बाटलीबंद पाणी नको. त्यात क्षार असतात आणि पाणी वाळलं तरी ते मागे राहतात.

याशिवाय: मऊ टूथब्रश दोन (एकाचे केस कात्रीनं अर्धे कापा, म्हणजे ताठ होतात आणि कनेक्टरसाठी कामी येतात), लाकडी टूथपिक, कानकाड्या, चष्मा पुसायचं मऊ कापड, नायट्राइलचे हातमोजे, १० पटीचं भिंग, मोबाइलचा टॉर्च, प्लास्टिकची पातळ पट्टी किंवा गिटारचं पिक, स्क्रू ड्रायव्हर (बहुतेक लॅपटॉपांना फिलिप्स पीएच-० आणि पीएच-००, काहींना टॉर्क्स टी-५, मॅकबुकच्या तळाला पाच पाकळ्यांचा पी-५) आणि साधा मल्टिमीटर.

आयपीए झटकन पेट घेतं. खिडकी उघडी, गॅस बंद, उदबत्ती विझवलेली, आणि सोल्डरिंगची तापलेली इस्त्री त्या टेबलावर नाही, एवढं पाळा. बाटलीतून थेट ओतू नका. छोट्या वाटीत २० मिलिलिटर घ्या आणि मळकं झालं की फेकून नवीन घ्या.

## उघडताना

डेटाचा बॅकअप आधी, लॅपटॉप चालू होत असेल तरच. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. नाणं बॅटरी (बोर्डावरची नाण्यासारखी छोटी बॅटरी) निघाली की बायोसच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात आणि पुढच्या वेळी लॅपटॉप ती की मागू शकतो. वॉरंटी शिल्लक असेल तर उघडण्याआधी तिच्या अटी वाचा. साध्या वॉरंटीत सांडलेलं पाणी सहसा बसत नाही, पण अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण घेतलेलं असेल तर हात न लावता तिकडेच जा.

१. कागदावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू निघेल तसा त्याच जागी टेपनं चिकटवा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला की बोर्डाच्या आतली रेघ तोडतो, आणि ती चूक दुरुस्त होत नाही.

२. झाकण कडेनं प्लास्टिकच्या पट्टीनं सोडवा. काही मॉडेलमध्ये रबरी पायांखाली दोन-तीन स्क्रू लपलेले असतात. एखादा कोपरा अडला तर जोर लावू नका, स्क्रू शोधा.

३. बॅटरीचा कनेक्टर सोडवा. काही सरळ वर उचलायचे असतात, काही बोर्डाला समांतर मागे ओढायचे, काहींना वर तारेची कडी असते. तारा धरून कधीच ओढू नका.

४. बॅटरी निघाल्यावर पॉवर बटण २० सेकंद दाबून ठेवा, म्हणजे कपॅसिटरमधली शिल्लक वीज जाते. नाणं बॅटरी असेल तर तीही काढा.

५. प्रत्येक टप्प्याला फोटो घ्या. मग रॅम, एसएसडी आणि वायफाय कार्ड काढा. वायफायच्या अँटेनाची टिकली सरळ वर उचला, तिरकी नको; काळी कुठे आणि पांढरी कुठे ते फोटोत दिसू द्या.

६. फ्लेक्स केबलचं, म्हणजे पातळ चपट्या केबलचं, कुलूप आधी उघडा: काहींत मागची पट्टी नखानं उभी करायची, काहींत ती पुढे सरकवायची. कुलूप तुटलं तर कनेक्टर बदलावा लागतो, आणि हे घरचं काम नाही.

बॅटरी फुगलेली दिसली, तिच्या पिशवीला पोचा पडलेला असला किंवा गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला, तर सफाई तिथेच थांबवा. लिथियम बॅटरी टोचू नका, दाबू नका, पुसू नका. उघड्यावर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा केंद्रात द्या.

## समोर काय आहे?

आधी टॉर्च बोर्डाला समांतर, कडेनं मारा. वरून टाकलेल्या उजेडात जे सपाट दिसतं ते तिरक्या उजेडात उठून येतं. वास घ्या, जागा टिपा. मग तीन परीक्षा, याच क्रमानं. टूथपिकनं हलकेच खरवडा. त्याच ठिकाणी कानकाडीनं आयपीएचा एक थेंब लावून अर्धा मिनिट थांबा. काहीच झालं नाही तर शेजारी डिस्टिल्ड पाण्याचा थेंब. या तीन उत्तरांतून बहुतेक वेळा नाव कळतं.

फसवणाऱ्या निरुपद्रवी गोष्टी आधी बघू, कारण नवशिक्याच्या हातून नुकसान इथेच होतं.

मधाच्या रंगाचा, काचेसारखा पारदर्शक थर, चार्जिंग जॅक किंवा हातानं सोल्डर केलेल्या तारांभोवती: हा फ्लक्स. टूथपिकनं कपच्यांसारखा उडतो, आयपीएत विरघळून चिकट होतो. कारखान्यातला 'नो क्लीन' फ्लक्स तसाच राहू द्यायचा असतो. तो अर्धवट पुसला की पांढरं धुकं उरतं आणि मग तेच गंज म्हणून पुन्हा घासलं जातं. एकतर हात लावू नका, नाहीतर ताजं आयपीए तीन-चार वेळा वापरून पूर्ण काढा.

मोठ्या चिपच्या कोपऱ्यांवर लाल, काळे किंवा दुधी टणक थेंब: हा चिप धरून ठेवणारा गोंद. काढू नका. मेमरीच्या चिपांभोवती किंवा कॉइलजवळ तेलकट कडं दिसलं तर ते थर्मल पॅडमधून (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ गादीतून) पाझरलेलं सिलिकॉन तेल. दिसायला घाण, पण वीज वाहून नेत नाही. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणाऱ्या धातूच्या भागाच्या, तांब्यावरचा तपकिरी काळसरपणा नुसत्या उष्णतेचा असतो, जसा बंबाच्या तांब्याला येतो. त्याला चिंच-मीठ लावायची हौस नको.

आता खरे दोष. हिरवा किंवा निळसर, खरबरीत, टूथपिकनं पुडीसारखा सुटणारा आणि आयपीएला दाद न देणारा थर म्हणजे तांब्याचा कळंक. हा जिथे आहे तिथली कल्हई गेलेली आहे. सोल्डरच्या टाक्यांवरचा राखाडी-पांढरा मंदपणा कथलाचा. नारिंगी तांबूस रंग फक्त लोखंडाचा, म्हणजे स्क्रू, यूएसबीचं कवच, चिपांवरची धातूची झाकणं. तो दिसला तर ओल एका दिवसाची नव्हती, बराच काळ मुरत होती.

तपकिरी, चिकट, कडेला गडद आणि मध्ये फिकट असा डाग चहा, कॉफी किंवा सरबताचा. आयपीएत जागचा हलत नाही, पाण्याच्या थेंबात मऊ पडतो, कारण साखर आणि मीठ पाण्यात विरघळतात, अल्कोहोलमध्ये जवळजवळ नाही. दुधाच्या चहात वर स्निग्धांशही असतो, म्हणून त्याला पाणी आणि आयपीए दोन्ही लागतात. तशाच रंगाचे, पण मोहरीहून बारीक आणि विखुरलेले ठिपके असतील तर ती झुरळांची विष्ठा. ऊब मिळते म्हणून झुरळं आत राहतात. पंख्याच्या आणि बिजागरीच्या कोपऱ्यांत त्यांच्या अंड्यांच्या डब्या शोधा, नाहीतर महिन्यानं पुन्हा तेच.

पांढरी पूड सगळ्यात अवघड. नळाचं पाणी वाळून उरलेले क्षार असू शकतात, फ्लक्सचं धुकं असू शकतं किंवा जुन्या बॅटरीची गळती. आयपीएनं निघाली तर फ्लक्स. पाण्यानं निघाली तर क्षार किंवा गळती. तेव्हा ओल्या डागावर लिटमस कागद टेकवा. लाल कागद निळा झाला तर अल्कली. साधारण २००० सालच्या आसपासच्या आणि त्याआधीच्या काही लॅपटॉपांत निकेलची छोटी बॅकअप बॅटरी असायची, तिच्याशेजारी हे हमखास सापडतं.

काळ्याचे दोन प्रकार. खड्ड्यासारखा, जळका वास असलेला, कडेला बोर्डाचे तंतू उघडे दिसणारा भाग जळालेला असतो. तो पुसून बरा होत नाही, आणि कोळसा झालेला भाग खरवडून काढला नाही तर वीज त्यातूनच वाहत राहते. हे दुकानाचं काम. दुसरा काळा म्हणजे खड्डा नसलेला, काजळीसारखा पसरत गेलेला थर. हा गंधकयुक्त वायूचा परिणाम, त्याच्याबद्दल शेवटी.

बोर्डावर, कीबोर्डच्या मागे किंवा बॅटरीजवळ एखादी छोटी पांढरी चकती दिसेल. ती लाल किंवा गुलाबी झाली असेल तर पाणी तिथवर पोचलं होतं. पांढरी असेल तर फक्त त्या जागी पोचलं नाही, एवढाच अर्थ घ्या.

## काय कशानं काढायचं

हिरवा कळंक थोडा असेल तर बोर्ड जागेवर ठेवूनही काढता येतो. ताठ ब्रश आयपीएत बुडवून झटका आणि एकाच दिशेनं, चिपांच्या रांगेला समांतर घासा. आडवं-तिडवं घासलं की मोहरीएवढे कपॅसिटर उडतात. १०-१५ सेकंद घासा, सुटलेला चिखल लगेच कापडानं टिपा, पुन्हा ताजं आयपीए. टिपलं नाही तर घाण चिपखाली सरकते आणि बोर्ड वरून मात्र स्वच्छ दिसतो. टाक्यांच्या मधली पूड टूथपिकनं. सुई, कटर, सँडपेपर काही नको.

घरगुती सल्ला असतो लिंबाचा किंवा व्हिनेगरचा. हिरवेपणा त्यानं झटकन जातो हे खरं, पण आम्लाचा अंश चिपांखाली उरला की तोच नवा कळंक आणतो. व्हिनेगरची बोर्डावर एकच जागा आहे: अल्कलीची गळती. तिथे पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात घेऊन कानकाडीनं फक्त डागाला लावा. फसफस थांबली की दोन-तीनदा डिस्टिल्ड पाणी, शेवटी आयपीए. लिथियमच्या नाणं बॅटरीला हा उपाय लागू नाही.

चहा-कॉफीसाठी बोर्ड पूर्ण बाहेर काढावाच लागतो, कारण अर्धा चहा बोर्डाच्या खालच्या बाजूला असतो. पंखा, हीटसिंक, स्पीकर, नाणं बॅटरी, रॅम, एसएसडी सगळं वेगळं करा. हीटसिंकच्या स्क्रूंवर १, २, ३, ४ असे आकडे असतात. सोडवताना उलट क्रमानं, प्रत्येकी अर्धा-अर्धा फेरा. काही गेमिंग लॅपटॉपांत प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टऐवजी आरशासारखा चमकणारा द्रवधातू असतो. तो वीज वाहून नेतो आणि ॲल्युमिनियम खातो. तो दिसला तर हीटसिंक स्वतः उचलू नका.

सुटा बोर्ड तिरका धरून डागाच्या भागावर डिस्टिल्ड पाणी सोडा आणि मऊ ब्रशनं घासा. पाणी डागाकडून स्वच्छ भागाकडे नव्हे, डागाकडून बोर्डाच्या जवळच्या कडेकडे वाहायला हवं. गढूळपणा संपेपर्यंत, साधारण तीन ते पाच वेळा. मग लगेच आयपीए, दोन्ही बाजूंनी. त्याचं काम आता चहा काढणं नाही. ते चिपांखालच्या पाण्यात मिसळून त्याला बाहेर काढतं आणि झटकन उडून जातं. पाण्यानं धुऊन आयपीए न वापरणं ही अर्धवट सफाई, आणि नुसतं आयपीए फिरवणं ही साखरेवर केलेली पॉलिश.

बोर्डावर पातळ धातूची झाकणं दिसली तर त्यांच्या आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. काही झाकणं कडेनं उचलता येतात. सोल्डर केलेली ओढू नका. कडेच्या भोकांतून तपकिरी ओघळ आलेला असेल तर आत डाग आहे असंच धरा.

रॅमच्या सोनेरी दातांना पांढरं मऊ खोडरबर चालतं, तेही एक-दोनदा, वरून टोकाकडे. तो मुलामा एका मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. वाळूचं निळं खोडरबर त्याला एका फटक्यात उडवतं. रबराचा भुगा आयपीएनं पुसा आणि दातांना बोट लावू नका. स्लॉटमध्ये आयपीएचे चार थेंब टाकून कार्ड चार-पाच वेळा आत-बाहेर करा.

डिस्प्लेच्या केबलचा कनेक्टर भिंगाखाली बघाच. तिथे बारीक पिनांच्या शेजारीच बॅकलाइटचा चढा व्होल्टेज असतो, म्हणून थोड्या ओलीतही पहिली पिन तिथेच जळते. पिन काळी किंवा अर्धी झालेली असेल तर केबल आणि कनेक्टर दोन्ही बदलावे लागतात. नुसती केबल बदलली की नवीही जळते. आणि स्प्रेची ती प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० सायकलच्या साखळीला आणि दाराच्या कडीला ठेवा. ती मागे तेलाची फिल्म सोडते, त्यावर धूळ बसते.

कीबोर्डबद्दल स्पष्टच: गोड चहा आत गेला असेल तर तो धुण्यात वेळ घालवू नका. आत तीन प्लास्टिक पापुद्रे आणि त्यांवर छापलेल्या रेघा असतात. त्यांच्या मधला चहा निघत नाही, निघालाच तर रेघाही निघतात. बदला.

स्क्रीन, स्पीकर, मायक्रोफोन, कॅमेरा, बॅटरी यांना कोणताच द्रव नको. स्क्रीनच्या कडेला लागलेला एक थेंबही थरांमध्ये शोषला जातो आणि तो डाग कायमचा. पंख्याची पाती कोरड्या ब्रशनं, पाती बोटानं धरून. ब्लोअर मारून पंखा गरगर फिरवला की त्याचं बेअरिंग खराब होतं, शिवाय फिरणारा पंखा उलटी वीज तयार करतो.

## वाळवणं आणि चालू करणं

आयपीए वरून दोन मिनिटांत उडतं, चिपांखाली तसं नाही. बोर्ड उभा ठेवून टेबलफॅनसमोर किमान २४ तास, पाण्यानं धुतला असेल तर ४८. पावसाळ्यात नुसत्या पंख्यानं भागत नाही, कारण हवाच ओली असते. घट्ट झाकणाच्या डब्यात २००-२५० ग्रॅम सिलिका जेल घालून बोर्ड ठेवा. रंग बदलणारे दाणे घेतले तर ते भरले की कळतं. ओव्हन, मायक्रोवेव्ह, इस्त्री, ऊन यांतलं काहीही नको.

वाळल्यावर मल्टिमीटर रेझिस्टन्सवर. चार्जिंग जॅकच्या धन टोकापासून बोर्डाच्या ग्राउंडपर्यंत मोजा. स्क्रूच्या भोकाभोवतीचं चकचकीत कडं म्हणजे ग्राउंड. आकडा शून्याच्या आसपास चिकटून राहिला तर शॉर्ट आहे, चार्जर लावू नका. प्रोसेसरजवळच्या कॉइलवर मात्र काही ओहम किंवा त्याहून कमी येणं स्वाभाविक आहे. तिथला छोटा आकडा पाहून बोर्ड मेला असं ठरवू नका, ही चूक शिकाऊ कारागीरही करतात.

प्रोसेसरवरची जुनी पेस्ट आयपीएनं पुसून नवी लावा, शिजवलेल्या भाताच्या दोन शितांएवढी. थर्मल पॅड फाटले असतील तर त्याच जाडीचे घ्या. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही हीटसिंकला प्रोसेसरवरून उचलतो. हीटसिंकचे स्क्रू आता आकड्यांच्या सरळ क्रमानं.

पहिल्यांदा पंखा-हीटसिंक, एकच रॅम, डिस्प्ले आणि चार्जर लावून चालू करा. बाकी काही नको. पंखा आणि हीटसिंक बसवल्याशिवाय मुळीच नको. काही नवी मॉडेल बॅटरीशिवाय सुरू होत नाहीत. तसं असेल तर चांगली बॅटरी जोडा. पाच मिनिटं हात जवळ ठेवा: वास, धूर, किंवा एखादी छोटी चिप बोटाला चटका देईल इतकी गरम, यांतलं काहीही आलं तर लगेच बंद. सगळं ठीक असेल तर पूर्ण जोडा आणि एकेक तपासा. प्रत्येक पोर्टला पेन ड्राइव्ह, प्रत्येक कळ, दोन्ही स्पीकर, कॅमेरा, वायफाय, आणि बॅटरी जोडलेली असताना चार्जिंग चढतंय का.

इथे काही अडलं, बोर्डाच्या कुठल्या चिपखाली हिरवं शिरलेलं दिसलं, किंवा एखादा बारीक भाग गळून गेलेला सापडला, तर पुढचं काम हॉट एअर आणि अल्ट्रासॉनिक टाकी असलेल्या दुकानाचं. तिथे देताना काय सांडलं, किती दिवस झाले आणि तुम्ही कोणता द्रव वापरला हे खरं सांगा. 'आपोआप बंद पडला' या वाक्यावर कारागिराचे दोन तास जातात.

सोल्डर मास्क उडून उघडं पडलेलं तांबं तसंच सोडू नका. त्याच्यावर सोल्डरचा पातळ हात, मग अतिनील दिव्यानं वाळणारा मास्क. नेलपॉलिश लावणारे आहेत. ते तडकतं आणि तड्यातून आत गेलेली ओल तिथेच कोंडून राहते.

## न सांडताच गंज आला असेल तर

कोकणपट्टीत, गोव्यात किंवा मुंबईच्या खाडीकाठी चहाचा थेंबही न पडता लॅपटॉप आतून हिरवा निघतो. समुद्राकडची हवा मिठाचे कण आणते, ते पंख्यातून आत जाऊन धुळीवर बसतात, आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की मीठ ओल धरतं. म्हणून अशा ठिकाणी धूळ काढणं हे दिसण्यासाठीचं काम नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. वापरात नसलेला लॅपटॉप जून ते सप्टेंबरमध्ये आठवड्यातून दोनदा तासभर चालवा. आतली ऊबच त्याला कोरडा ठेवते. ओली छत्री आणि लॅपटॉप एका सॅकमध्ये नको.

नाल्याजवळ, सांडपाण्याच्या वाहिनीजवळ किंवा रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात शत्रू वेगळा, हायड्रोजन सल्फाइड. तांब्यावर आणि चांदीवर त्याचा काळा थर चढतो आणि टाक्यांवरून बाहेर पसरत जातो. याचं मापक घरातच आहे. चांदीचं निरांजन किंवा पैंजण घासल्यावर काही आठवड्यांतच पुन्हा काळवंडत असतील तर तीच हवा लॅपटॉपच्या आतही फिरते आहे. हा काळा थर आयपीएनं निघत नाही, आणि ब्रशनं काढलेला परत येतो. लॅपटॉपची जागा बदला, नाल्याकडची खिडकी त्याच्याजवळ उघडी ठेवू नका.

कोणत्याही कारणानं सफाई केलेली असो, तीन आठवड्यांनी झाकण पुन्हा उघडा, बॅटरी सोडवा आणि आधीच्या फोटोंशी ताडून बघा: चार्जिंग जॅकची मागची बाजू, डिस्प्ले कनेक्टर, आणि जिथे सगळ्यात जास्त हिरवं होतं ती जागा. नवा हिरवा ठिपका दिसला तर मीठ किंवा साखर अजून चिपखाली आहे. या वेळी बोर्ड बाहेर काढून पाण्यापासून सुरुवात करा.